डोंगरवाट आणि सायकल : निघण्यापूर्वींचा विचार

पावसाळा सरून आकाश निवळलें आणि टेकड्यांवरचें गवत पिवळें पडूं लागलें, कीं घाटमाथ्याकडील तरुण मंडळींस डोंगराची ओढ लागते. पूर्वीं ही ओढ पायींच भागविली जाई. खांद्यावर वळकटी टाकावयाची, शिदोरी बांधावयाची, एखादा गड चढावयाचा आणि दुसऱ्या दिवशीं थकूनभागून घरीं परतावयाचें, असा शिरस्ता होता. हल्लीं या ओढीस एक नवें वाहन लाभलें आहे. जाड, खांचेदार टायरांची, पुढच्या बाजूस धक्के शोषून घेणारी, डिस्क-ब्रेकची दणकट सायकल आतां पुष्कळ सुशिक्षित घरांच्या ओसरीवर अथवा इमारतीच्या जिन्याखालीं उभी असलेली दिसते. शाळा-कचेरीस जाण्यासाठीं ती घेतलेली नसते. जेथें सडक संपते, तेथें हिचें खरें काम सुरू होतें.

या सायकलीविषयीं वडीलधाऱ्यांची वृत्ति बहुधा दोन टोकांची असते. कांहीं घरांत ‘हातपाय मोडून घेशील’ एवढें म्हणून साफ मनाई होते. कांहीं घरांत पन्नास-साठ हजार रुपये मोजून यंत्र घेऊन दिलें, कीं पालकांचें कर्तव्य संपलें अशी समजूत असते. पहिल्या रीतीनें मुलगा चोरून जातो, आणि चोरून जाणारा कोठें गेला हें घरीं कोणासच ठाऊक नसतें. दुसऱ्या रीतीनें तो उघडपणें जातो, पण कच्चा जातो. दोहोंचा शेवट सारखाच होण्याचा संभव असतो. म्हणून या महिन्यांत आम्ही मनाई आणि मोकळीक या दोहोंच्या मधल्या गोष्टीचा, म्हणजे पूर्वतयारीचा, विचार करणार आहों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें : डोंगरवाटेवर सायकल नेण्याचा अधिकार, ज्यास ती हवी तेथें थांबवितां येते आणि हवी तेव्हां मागें फिरवितां येते, त्यासच आहे. बाकीची सर्व तयारी या एका गोष्टीच्या पोटांत येते.

या खेळाचा आरंभच मुळीं ब्रेकच्या कहाणीशीं जोडलेला आहे. अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरिन नांवाचा परगणा आहे व तेथें टॅमाल्पाइस नांवाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत तेथील हौशी तरुण, जुन्या काळच्या जड व फुगीर टायरांच्या सायकली मिळवून, डोंगरांतील कच्च्या रस्त्यांवरून खालीं उतरण्याचा खेळ खेळूं लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं फेअरफॅक्स गांवाजवळ त्यांची पहिली ठरीव शर्यत झाली. सुमारें दोन मैलांत तेराशें फूट उतरणारी ती वाट होती. त्या सायकलींस पाय उलटे फिरवून लागणारा ब्रेक असे. तळाशीं येईपर्यंत मागील चाकाचा तुंबा इतका तापे, कीं आंतलें वंगण धूर होऊन उडून जाई. प्रत्येक उतारानंतर तुंबा उघडून त्यांत नवें वंगण भरावें लागे. आणि वंगण ‘पुन्हां भरणें’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्या शर्यतीचें नांवच ‘रीपॅक’ पडलें. या शर्यती भरविणारा चार्ली केली, १९७७ सालीं खास डोंगरासाठीं सांगाडा घडविणारा जो ब्रीझ, आणि १९७९ सालीं केलीसह या सायकलींचा छोटा व्यवसाय थाटणारा गॅरी फिशर, हीं या खेळाच्या इतिहासांतलीं ठळक नांवें होत. १९९६ सालीं अटलांटा येथील ऑलिंपिकमध्यें या खेळास स्थान मिळालें.

हा झाला कौतुकाचा भाग. पुढची हकीकत आमच्या वाचकांनीं अधिक लक्षपूर्वक ऐकावी. सायकलस्वार वाढले, तशा पायीं फिरणाऱ्यांच्या व घोडेस्वारांच्या तक्रारी वाढल्या. वळणावरून अचानक अंगावर येणारें चाक कोणास आवडणार? परिणाम असा झाला, कीं ज्या टॅमाल्पाइस डोंगरावर हा खेळ वाढीस लागला, त्याच डोंगरावरील बहुतेक अरुंद पाऊलवाटा सायकलींस बंद झाल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांतील जे प्रदेश कायद्यानें अस्पर्श राखलेले आहेत, तेथेंहि १९८४ सालीं सायकलींस मज्जाव झाला. तेव्हां जाणत्या स्वारांचे डोळे उघडले. १९८८ सालीं त्यांनीं आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकल संघटना काढली आणि वाटेवरच्या वर्तनाचे नियम प्रसृत केले. ते सहा आहेत. खुल्या असलेल्या वाटेवरूनच जावें. मागें खूण ठेवूं नये. सायकल ताब्यांत ठेवावी. इतरांस वाट द्यावी. प्राण्यांस भिववूं नये. आणि निघण्यापूर्वीं आंखणी करावी. यांत केवळ स्वतःच्या सोयीचा म्हणतां येईल असा नियम शेवटचा एकच आहे. आणि तोहि नीट पाहिल्यास निव्वळ स्वतःचा नाहीं. ज्याची आंखणी चुकते, त्यास अंधारांतून शोधून आणण्याचें काम गांवकऱ्यांच्या गळ्यांत पडतें.

आतां तयारीकडे वळूं. तिचा आरंभ यंत्रापासून होतो, व ती आदल्या संध्याकाळीं करावी. तहान लागल्यावर विहीर खणण्यांत अर्थ नाहीं; पहांटे साडेपांचास ब्रेकचा पॅड झिजलेला दिसला, तरी त्या वेळीं कोणतें दुकान उघडें असणार? चाकांपासून सुरुवात करावी. चाक उचलून फिरवावें. तें डुलतां कामा नये व त्याचा एक्सल घट्ट बसलेला असावा. टायरास कोठें चीर नाहीं ना, बाभळीचा कांटा रुतलेला नाहीं ना, हें बोटांनीं चांचपून पाहावें. हवेचा दाब सडकेवरच्या सायकलीपेक्षां पुष्कळ कमी ठेवावा लागतो. मध्यम वजनाच्या स्वारास रुंद टायरांत दर चौरस इंचास २५ ते ३० पौंड पुरतो. अधिक दाबानें चाक दगडांवरून उसळतें व पकड सुटते. फारच कमी दाबानें ट्यूब दगड व रिम यांमध्यें चिरडून फाटते. टायरावर लिहिलेल्या मर्यादा मात्र ओलांडूं नयेत.

मग ब्रेक पाहावे. मूठ दाबली असतां तरफ हँडलास टेकतां कामा नये. पॅड पुरेसे जाड असावेत. डिस्कला तेलाचा हात लागूं देऊं नये, कारण तेल लागलेला ब्रेक केवळ शोभेचा. कोणती तरफ कोणत्या चाकाची, हें सर्व सायकलींत एकसारखें नसतें. मित्राची सायकल घेऊन निघणाऱ्यानें तर हें आधींच पाहून घ्यावें. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेंपुढें हलविली असतां हँडलाच्या मानेंत खडखड जाणवल्यास ती दुरुस्त करावी. चेन पुसून तिला बेताचें तेल द्यावें. हँडलाचे, सीटचे व पेडलांचे स्क्रू चावी लावून पाहावेत. या सर्वांस पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं. महागड्या यंत्राच्या मालकानें ही तपासणी टाळावी आणि साध्या यंत्राच्या मालकानें ती करावी, तर डोंगरावर दुसराच अधिक सुरक्षित असतो.

यंत्रानंतर स्वार. हेल्मेटवांचून डोंगरवाटेवर एक पाऊलहि टाकूं नये. या बाबतींत आम्ही कोणतीहि सवड देणार नाहीं. हेल्मेट कपाळावर भुंवयांच्या वर दोन बोटांइतकें आलें पाहिजे, आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलेला पाहिजे. मागें सरकवून, कपाळ उघडें टाकून घातलेलें हेल्मेट पडण्याच्या वेळीं उपयोगी पडत नाहीं. एकदां जोराचा आघात बसलेलें हेल्मेट वरून धड दिसलें तरी बदलावें; आंतील थर एकदांच चेपण्यासाठीं असतो. हातमोजे अवश्य घालावेत, कारण पडतांना मनुष्य हातच पुढें करितो. डोळ्यांस चष्मा असावा, बूट बंद असावेत, आणि करवंदीच्या व घाणेरीच्या जाळ्या ज्यांच्या परिचयाच्या आहेत त्यांस पूर्ण बाह्यांच्या सदऱ्याचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

परंतु कपड्यांनीं कौशल्य येत नाहीं. तें मैदानावर मिळवावें लागतें. पहिले दोन-तीन आठवडे जवळच्या मैदानावर पुढील अभ्यास करावा. पेडलें आडवीं ठेवून त्यांवर उभें राहावें, गुडघे व कोपर किंचित् वांकलेले ठेवावेत, अंगाचा भार सीटवर नव्हे तर पायांवर द्यावा. उतारापूर्वीं सीट खालीं घ्यावी, म्हणजे अंग मागें नेण्यास जागा मिळते. नजर पुढच्या चाकावर न ठेवतां पुढच्या वाटेवर ठेवावी. ज्या दगडाकडे पाहत राहावें, त्याच दगडावर चाक जातें, असा अनुभव प्रत्येक शिकाऊ स्वारास येतो. ब्रेक दोन्ही एकदम, बेतानें व क्रमानें वाढवीत लावावेत. एकट्या पुढच्यानें स्वार हँडलावरून फेंकला जातो, आणि एकट्या मागच्यानें चाक घसरतें. वेग वळणाच्या आधीं कमी करावा, वळणांत नव्हे.

पालकांनीं यांची एक सोपी परीक्षा घ्यावी. मैदानावर खडूनें रेघ ओढावी, मुलास उतारावरून यावयास सांगावें, आणि रेघेवर चाक न घसरतां सायकल उभी राहते कीं नाहीं, तें पाहावें. दहांपैकीं दहा वेळां ती उभी राहीपर्यंत डोंगराचें नांव काढूं नये. अरुंद वाटेवरचा नियम याहून कडक आहे : जेवढी वाट पुढें दिसते, तिच्या निम्म्या अंतरांत थांबतां आलें पाहिजे. कारण समोरूनहि कोणी तितक्याच वेगानें येत असूं शकतो, आणि उरलेलें निम्में अंतर त्याचें आहे.

अन्नपाण्याची तयारी ही घरांतील मंडळींच्या हातची गोष्ट आहे. मेहनतीच्या चढाला दर तासास अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतें, असें धरून चालावें. चार तासांच्या फेरीस तीन लिटरांची तरतूद असावी. वाटेंतील झऱ्यावर भिस्त ठेवूं नये. दिवाळीनंतर पुष्कळ ओढे आटतात. घामानें क्षारहि जातात. त्यासाठीं औषधाच्या दुकानांत मिळणारी जलसंजीवनीची पुडी जवळ असावी. ती न मिळाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घरींच द्रावण करितां येतें. खाण्यासाठीं शेंगदाणे-गुळाचे लाडू, खजूर, राजगिऱ्याच्या वड्या, दशम्या असे आपले नेहमींचेच पदार्थ उत्तम. ते चुरगळत नाहींत, विटत नाहींत, आणि कागदी-प्लॅस्टिकी वेष्टनांचा कचराहि मागें राहत नाहीं.

पाठीवरच्या पिशवींत पुढील वस्तु असाव्या : एक जादा ट्यूब, टायर काढण्याच्या दोन पट्ट्या, पंक्चरचें साहित्य, हातपंप, षट्कोनी चाव्यांचा जुडगा, चेनची जादा कडी व ती जोडण्याचें हत्यार, जखमेसाठीं निर्जंतुक पट्ट्या, रुंद बँडेज व जंतुनाशक, शिट्टी, विजेरी, पूर्ण भारित मोबाइल फोन, आणि एका कागदावर स्वतःचें नांव, रक्तगट व घरचा क्रमांक. फोनवर नकाशा असल्यास तो घरींच उतरवून ठेवावा, कारण दऱ्यांत संदेश पोहोंचत नाहीं. आणि हीं हत्यारें केवळ वाहून नेण्यासाठीं नाहींत. ज्यास अंगणांत ट्यूब बदलतां येत नाहीं, त्यास ती डोंगरावर उन्हांत बदलतां येणार नाहीं.

एकट्यानें जाऊं नये. कमींत कमी तिघे असावेत, म्हणजे एकास दुखापत झाली तर दुसरा त्याच्याजवळ राहतो व तिसरा मदत आणावयास जातो. वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा असावा, आणि प्रत्येक फांट्यावर पुढच्यानें मागच्याची वाट पाहावी. घरीं एक चिठ्ठी ठेवावी. तींत कोणत्या गांवाहून निघणार, कोणत्या वाटेनें जाणार, बरोबर कोण, परत किती वाजतां, आणि किती वाजेपर्यंत न परतल्यास शोध सुरू करावा, हें लिहिलेलें असावें. मागें फिरण्याची वेळहि निघतांनाच ठरवावी. डिसेंबरांत पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि डोंगराच्या पूर्व अंगास त्याआधींच काळोख दाटूं लागतो. ठरलेली वेळ झाली, कीं शिखर हांकेच्या अंतरावर असलें तरी फिरावें. शिखर पुढच्या रविवारींहि तेथेंच असतें. ‘आतां इतकें आलोंच आहों, तर...’ या वाक्यानें जितके अपघात घडविले, तितके दगडांनीं घडविले नसतील.

येथवरची तयारी मुख्यतः स्वतःसाठीं झाली. आतां ज्यांच्या वाटेनें आपण जातों, त्यांच्याकडे पाहूं. आपल्याकडील डोंगरवाटा खेळासाठीं तयार केलेल्या नाहींत. त्या पाणी आणणाऱ्या बायांनीं, गुराख्यांनीं, बाजारास जाणाऱ्या शेतकऱ्यांनीं, शाळेंत जाणाऱ्या पोरांनीं पिढ्यान्‌पिढ्या पायांनीं पाडलेल्या आहेत. आपण तेथें पाहुणे आहों. सिंहगडाचेंच उदाहरण घ्यावें. आतकरवाडीकडून गडावर जाणाऱ्या पायवाटेनें रविवारीं वृद्ध, मुलें, नवशिके असे शेंकडों लोक चढतात, आणि दही-ताक विकणाऱ्या गांवच्या बायांचीहि ती रोजची वाट आहे. अशा वाटेनें सायकल खालीं सोडणें हें कौशल्याचें लक्षण नव्हे. त्यांतील एका बाईचा तोल गेला, तर तिचा दिवस बुडतो, कदाचित् पायहि मोडतो. पुण्याच्या वेताळ टेकडीवर सकाळीं फिरावयास येणाऱ्या आजोबांचीहि तीच गोष्ट. म्हणून वाट निवडतांना ती आपणांस झेपेल कीं नाहीं एवढेंच न पाहतां, त्या वेळीं तेथें कोण असेल हेंहि पाहावें. नवशिक्यांस गांवाबाहेरच्या रुंद गाडीवाटा व जीप-रस्ते पुष्कळ आहेत.

वाटेवर पायीं चालणाऱ्याचा मान पहिला, चढणाऱ्या सायकलस्वाराचा दुसरा, उतरणाऱ्याचा शेवटचा. वळणाआधीं घंटी वाजवावी, समोर मनुष्य दिसतांच वेग पायी चालण्याइतका करावा, आणि अरुंद जागीं सरळ उतरून उभें राहावें. गुरें समोर आल्यास आरडाओरड न करितां थांबावें व गुराख्याच्या सांगण्याप्रमाणें वागावें. बिथरलेली म्हैस कोणत्या बाजूस वळेल, हें त्यालाच कळतें. खेड्यांतून जातांना ‘रामराम’ म्हणण्यास दम लागत नाहीं. शेताचा बांध ही सार्वजनिक सडक नव्हे, आणि खळ्यावर पसरलेलें धान्य हें वर्षभराचें अन्न आहे. उघडलेलें कुंपण पुन्हां लावावें. वाळलेल्या गवताच्या दिवसांत काडी पेटवूं नये. देवराईंत चाक नेऊं नये. गांवानें पिढ्यान्‌पिढ्या कोयतीपासून राखलेली जागा टायरानें तुडविण्यासाठीं नाहीं. वनखात्याच्या हद्दींत परवानगीचा फलक वाचल्यावांचून शिरूं नये.

जमिनीचाहि विचार आहेच. अमेरिकेंतील माँटॅना प्रांतांत विल्सन व सेनी या दोघां संशोधकांनीं वाटांच्या धुपेची परीक्षा केली व ती १९९४ सालीं प्रसिद्ध केली. चाकांपेक्षां घोड्यांच्या खुरांनीं व माणसांच्या पायांनीं अधिक माती सुटते, असें त्यांस आढळलें. पुष्कळ सायकलस्वार हा दाखला मोठ्या आनंदानें देतात. परंतु त्यावरून सायकलस्वारास कसेंहि वागण्याचा परवाना मिळत नाहीं. ब्रेक आवळून घसटत नेलेलें चाक वाटेवर सरळ नाळ पाडतें, पुढच्या सरीचें पाणी त्याच नाळेनें धांवतें, आणि दोन-तीन पावसाळ्यांत वाटेची घळ होते. म्हणजे जें घसरणें स्वारास घातक, तेंच वाटेसहि घातक. ओल्या मातींत चाकाची खोल खूण उमटूं लागली, कीं मागें फिरावें. डबक्यास वळसा घालून वाट रुंद करूं नये. सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्याच्या सड्यांवर तर मातीचा थर जेमतेम कांहीं इंचांचा असतो. कासचें पठार हें त्यांतील प्रसिद्ध उदाहरण. २०१२ सालीं पश्चिम घाटासह त्याचा जागतिक वारशाच्या यादींत समावेश झाला. पावसांत ज्या सड्यावर इवलीं इवलीं फुलें येतात, तो कोरड्या दिवसांत ओसाड खडक वाटतो. परंतु पुढच्या वर्षीचें बीं त्याच पातळ मातींत निजलेलें असतें. अशा जागीं आंखलेल्या रस्त्याबाहेर चाक जातां कामा नये.

इतकें करूनहि अपघात होतात, तेव्हां त्यांचीहि तयारी असावी. कोणी पडल्यास प्रथम एकानें वाटेवर मागें जाऊन येणाऱ्यांस थोपवावें. मान किंवा पाठ दुखत असल्यास जखमीस हलवूं नये व हेल्मेट ओढून काढूं नये. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाची घडी दाबून धरावी. क्षणभर जरी शुद्ध हरपली, ओकारी झाली, किंवा बोलण्यांत गोंधळ दिसला, तर त्या दिवशींची फेरी तेथेंच संपली असें समजून रुग्णालय गांठावें; ‘आतां बरें वाटतें’ या बोलण्यावर भरंवसा ठेवूं नये. मदतीसाठीं ११२ हा क्रमांक आहे. महाराष्ट्रांत रुग्णवाहिकेसाठीं १०८ आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसें हे चार विषारी साप आपल्याकडे आढळतात. दंश झाल्यास कापणें, चोखणें, करकचून बांधणें यांपैकीं कांहींहि करूं नये. रोग्यास धीर द्यावा, तो अवयव हलूं देऊं नये, आणि जेथें सर्पविषावरील लस मिळते अशा रुग्णालयांत त्वरित न्यावें. कड्यांवर आग्या मोहोळ लटकत असेल तेथें गोंगाट, धूर व उग्र सुगंध हीं टाळावीं. माशा उठल्याच तर हात न झाडतां तोंड झांकून दूर पळावें.

मुलींसाठीं आम्ही वेगळे नियम सांगितले नाहींत, कारण ते वेगळे नाहींत. रेघेवर सायकल थांबविण्याची परीक्षा भाऊ व बहीण या दोघांचीहि सारखीच घ्यावी, आणि जो उतरेल त्यास अथवा जी उतरेल तीस जाऊं द्यावें. ज्या घरांत मुलास दहा मिनिटांत परवानगी मिळते व मुलीस दहा कारणें ऐकविलीं जातात, तेथें सुरक्षिततेचा विचार झालेला नसून संवयीचा झालेला असतो.

पालकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें, कीं निघण्याच्या आदल्या रात्रीं रागानें अथवा काळजीनें नव्हे, तर व्यवहाराच्या सुरांत चार प्रश्न विचारावेत : ब्रेक पाहिलेस काय? बरोबर कोण आहे? कोणत्या वाटेनें जाणार? किती वाजतां मागें फिरणार? या चारांचीं उत्तरें सरळ आलीं, तर निश्चिंत मनानें शिदोरी बांधून द्यावी. न आलीं, तर त्या रविवारीं पुन्हां मैदानच बरें. आणि परत आल्यावर किती वेगानें उतरलास, हें विचारण्याऐवजीं वाटेंत कोण भेटलें व त्यांच्यासाठीं कोठें थांबलास, हें विचारावें. मुलें जें विचारलें जातें त्याचाच अभिमान बाळगावयास शिकतात. ज्या गांवांतून आपलीं मुलें यंदा गेलीं, त्या गांवच्या लोकांनीं पुढच्या वर्षींहि त्यांस हंसून पाणी विचारावें, आणि वाट सर्वांस मोकळी राहावी, एवढें साधलें म्हणजे तयारी पूर्ण झाली असें आम्ही समजूं.